परसदारीं घडलेली मोटार

मोटारगाडी विकत घेऊन ती चालविणारीं माणसें जगांत कोट्यवधि आहेत. तिचें झांकण उघडून आंत काय चाललें आहे हें पाहणारीं त्या मानानें थोडीं. आणि दुसऱ्यांनीं टाकून दिलेल्या गाड्यांचे भाग गोळा करून त्यांतून मनाजोगी नवी गाडी स्वतःच्या हातांनीं उभी करणारीं तर फारच थोडीं. असें असूनहि अमेरिकेच्या दक्षिण कॅलिफोर्नियांत, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, हा उद्योग असंख्य तरुणांनीं इतक्या नेटानें चालविला कीं, अशा गाड्यांना 'हॉट रॉड' हें स्वतंत्र नांव मिळालें. हॉट रॉड म्हणजे जुन्या, साध्या, बहुधा फोर्ड कंपनीच्या गाडीचें ओझें उतरवून आणि तिच्या इंजिनाची शक्ति वाढवून घरच्या घरीं तयार केलेली वेगवान् गाडी.

हिचा इतिहास सांगणारे बहुधा वेगाचे आंकडे सांगतात. अमक्या सालीं शंभर मैल, तमक्या सालीं दीडशें. ते आंकडे खरे आहेत आणि मनोरंजकहि आहेत. परंतु या इतिहासाचा दुसरा अर्धा भाग वेग आवरण्याचा आहे. ज्या मुलांनीं गाडी पळविण्याची विद्या आपली आपण मिळविली, त्यांनाच ती थांबविण्याची विद्याहि आपली आपण मिळवावी लागली. आणि ती त्यांनीं मिळविली नसती, तर लोकक्षोभापुढें त्यांचा सारा उद्योग टिकला असता कीं नाहीं याची शंकाच आहे.

या कथेचा आरंभ हेन्री फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीपासून करावा लागतो. ही गाडी १९०८ सालीं बाजारांत आली, तेव्हां तिची किंमत ८५० डॉलर होती. १९१३ सालीं फोर्डनें हायलंड पार्क येथील आपल्या कारखान्यांत सरकत्या पट्ट्यावर गाड्या जुळविण्याची पद्धति सुरू केली, आणि पुढें किंमत उतरत उतरत ३०० डॉलरांच्याहि खालीं आली. १९२७ सालीं तिचें उत्पादन थांबलें, तोंवर अशा दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. तिचें इंजिन चार सिलिंडरांचें आणि अवघें २० अश्वशक्तीचें. सपाट रस्त्यावर ताशीं चाळीस-पंचेचाळीस मैल, म्हणजे सुमारें सत्तर किलोमीटर, धांवली कीं तिची कमाल झाली. पण तिची रचना इतकी सरळ होती कीं, चार पाने, एक हातोडी आणि थोडा धीर एवढ्या सामग्रीवर शेतकऱ्याचा मुलगाहि ती खोलून पुन्हां जुळवूं शके. या गाड्या लाखांनीं रस्त्यावर आल्या आणि दहा-पंधरा वर्षांनीं लाखांनींच भंगाराच्या आवारांत जाऊन पडल्या. जी वस्तु बापाच्या पिढीनें नवी घेतली, ती मुलाच्या पिढीला चार-दोन डॉलरांत जुनी होऊन मिळाली.

अशा गाड्या साऱ्या अमेरिकेंत होत्या. मग हा छंद लॉस एंजेलिसच्या आसपासच एवढा कां फोफावला? त्याचीं कारणें त्या प्रदेशाच्या रचनेंत आहेत. तेथें पाऊस कमी. त्यामुळें उघड्यावर पडलेल्या लोखंडाला गंज लवकर चढत नाहीं. हिवाळा सौम्य, त्यामुळें छप्पर नसलेली गाडी बारा महिने चालवितां येते, आणि परसांत रात्रीं दिवा टांगून कामहि करतां येतें. शहर लांबरुंद पसरलेलें. त्यामुळें तरुण मुलाला गाडी ही चैन नसून गरज होती. शिवाय सांता मोनिका येथें डग्लस आणि बरबँक येथें लॉकहीड असे विमानांचे कारखाने होते. लेथ चालविणारे, पत्रा वाकविणारे, धातूचे सांधे जोडणारे कुशल कारागीर त्याच वस्त्यांतून राहत असत.

शाळांनींहि हातभार लावला. १९१७ सालच्या स्मिथ-ह्यूज कायद्यामुळें अमेरिकेंत धंदेशिक्षणाला मध्यवर्ती सरकारचें साहाय्य मिळूं लागलें, आणि माध्यमिक शाळांतून यंत्रकामाच्या व मोटारदुरुस्तीच्या कार्यशाळांना जोर आला. वर्गांतील भूमितींत ज्याचें चित्त लागत नाहीं, असा मुलगाहि आपल्या इंजिनाच्या सिलिंडराचें घनफळ काढावयाचें झालें म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन बसतो. विद्येची गरज आधीं पटली म्हणजे विद्या मागून आपोआप येते, याचें हें उत्तम उदाहरण आहे.

परंतु सर्वांत मोठी देणगी निसर्गाची होती. शहराच्या उत्तरेस डोंगररांगेपलीकडे मोहावीचें वाळवंट आहे. त्यांत म्युरॉक, रोझामंड, एल मिराज अशा नांवांचीं कोरडीं तळीं आहेत. हिवाळ्यांत पावसाचें पाणी त्यांत उथळ सांचतें. वारा तें इकडून तिकडे हालवितो. आणि उन्हानें तें आटून गेलें म्हणजे मैलोगणती पसरलेला चिकणमातीचा टणक, सपाट तळ मागें उरतो. जणुं निसर्गानेंच सारवून ठेवलेलें अंगण! तेथें झाड नाहीं, कुंपण नाहीं, वळण नाहीं. १९२० नंतरच्या दशकांत तरुण मंडळी आपल्या गाड्या घेऊन तेथें जाऊं लागली. रात्रीं शहर सोडावयाचें, ऐंशीं-शंभर मैलांची वाट तुडवून पहांटे तळ्याच्या कांठीं पोहोंचावयाचें. मडगार्ड, दिवे आणि पुढची कांच काढून ठेवावयाची. वारा उठण्यापूर्वीं गाडी पळवून घ्यावयाची. आणि तेच भाग पुन्हां बसवून त्याच गाडीनें घरीं परतावयाचें. कारण सोमवारीं तीच गाडी कामावर न्यावयाची असे.

या छंदाला पैशाचें पाठबळ नव्हतें, हें विसरून चालणार नाहीं. १९२९ सालच्या आर्थिक अरिष्टानंतर अमेरिकेंत लाखों लोकांच्या नोकऱ्या गेल्या. वेगवान् नवी गाडी विकत घेणें हॉलिवुडच्या नटांना आणि तेलविहिरींच्या मालकांना शक्य होतें. पेट्रोलच्या पंपावर काम करणाऱ्या पोराला नव्हतें. त्याच्याजवळ भांडवल एकच, तें म्हणजे वेळ. ज्ञानहि छापील पुस्तकांतून सहज मिळण्यासारखें नव्हतें. एड विनफील्ड याच्यासारखे थोडे जाणकार शर्यतीच्या गाड्यांसाठीं कार्बुरेटर आणि कॅमशाफ्ट तयार करीत, आणि त्यांच्या कामाकडे पाहून इतर शिकत. बाकी सारी विद्या मुखपरंपरेची. एकाचें इंजिन फुटलें कीं, तें कां फुटलें याची चर्चा दहा जण करीत, आणि अकराव्याचें इंजिन वांचे.

या सर्व प्रयत्नांना कलाटणी मिळाली ती १९३२ सालीं. त्या वर्षीं फोर्ड कंपनीनें आपल्या स्वस्त गाडींत 'व्ही-८' इंजिन घातलें. यांत आठ सिलिंडर असून ते चार-चारांच्या दोन ओळींत, इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या दोन बाजूंप्रमाणें तिरपे बसविलेले असतात. असें इंजिन तोंवर महाग गाड्यांतच असे. कारण त्याचा मुख्य ठोकळा वेगवेगळे ओतीव भाग जोडून करावा लागे. फोर्डच्या माणसांनीं तो एकाच ओतकामांत काढण्याची युक्ति साधली, आणि ६५ अश्वशक्तीचें इंजिन सामान्य माणसाच्या आटोक्यांत आलें. ही नवी गाडीहि या मुलांच्या ऐपतीबाहेरचीच होती. पण गाड्या आदळतात, उलटतात, आणि आदळलेल्या गाडीचें इंजिन पुष्कळदां शाबूत राहतें. चार-पांच वर्षांत हीं इंजिनें भंगारवाल्यांकडे येऊं लागलीं. जुन्या हलक्या गाडीच्या सांगाड्यांत असें इंजिन बसविलें म्हणजे जो वेग मिळे, तो पुष्कळ महाग गाड्यांनाहि लाजवीत असे. खुद्द १९३२ सालच्या उघड्या, दोन आसनांच्या फोर्ड गाडीचा घाट इतका सुबक होता कीं, पुढें तोच या छंदाचें जणुं बोधचिन्ह होऊन बसला.

अशी गाडी घरीं घडत असे ती कशी, हें पाहण्यासारखें आहे. पहिलें काम जोडण्याचें नसून काढण्याचें. मडगार्ड, पाय ठेवण्याच्या फळ्या, पुढचा-मागचा बंपर, छप्पर, असे जे जे भाग धांवण्याच्या कामीं येत नाहींत ते सारे उतरवावयाचे. यासाठीं पैसा लागत नाहीं, पाना पुरतो. तीच शक्ति कमी वजन ओढूं लागली म्हणजे गाडी अधिक चपळ होते, हें गणित साधें आहे. त्यानंतर गाडीची उंची कमी करण्याचें काम. गाडीचा देह मुळांत सांगाड्याच्या पट्ट्यांवर बसविलेला असतो. त्याचा तळ कापून तो पट्ट्यांवरून खालीं उतरवीत. छप्पर ठेवावयाचें असलें, तर त्याचे खांब मधोमध कांहीं इंच कापून पुन्हां सांधीत. पुढचा आंसहि वांकवून खालीं घेत. गाडी जमिनीला जितकी जवळ, तितका वाऱ्याचा अडथळा कमी आणि उलटण्याचें भय थोडें.

खरी परीक्षा इंजिनाच्या कामांत होई. इंजिन हें श्वासोच्छ्वास करणारें यंत्र आहे. तें पेट्रोलची वाफ आणि हवा आंत ओढतें, दाबतें, पेटवितें, आणि जळलेला धूर बाहेर टाकतें. तेव्हां शक्ति वाढविण्याचे मार्गहि तेच. श्वास मोठा हवा, म्हणून एका कार्बुरेटराच्या जागीं दोन किंवा तीन बसवावयाचे. दाब अधिक हवा, म्हणून सिलिंडरांवरील झांकण तासून आंतली पोकळी लहान करावयाची. झडपा अधिक वेळ आणि अधिक उघड्या राहावयास हव्या, म्हणून त्यांना उचलणारा कॅमशाफ्ट वेगळ्या आकारांत घासून घ्यावयाचा. उच्छ्वास मोकळा हवा, म्हणून धुराच्या नळ्या सरळ व सुट्या करावयाच्या. ज्याला याहूनहि अधिक पाहिजे, तो सिलिंडर आंतून कोरून रुंद करी आणि त्यांत मोठे दट्टे घाली. फोर्डच्या या इंजिनांत एक खोड होती. त्याच्या धुराच्या वाटा ठोकळ्याच्या आंतूनच, थंड पाण्याला लागून जात. त्यामुळें तें लवकर तापे, आणि शक्ति वाढविली कीं आणखीच तापे. त्या खोडीशीं झगडतांना या मुलांना उष्णतेचें शास्त्र कळूं लागलें.

यांतून पुढें नांवारूपास आलेलीं माणसें थोडीं नाहींत. कॅन्ससमधून कॅलिफोर्नियांत आलेला व्हिक एडलब्रॉक गाड्यांच्या दुरुस्तीचें लहानसें दुकान चालवीत असे. त्यानें आपल्या १९३२ सालच्या फोर्ड गाडीसाठीं दोन कार्बुरेटर बसतील अशी ओतीव नळी स्वतः आंखून करविली. त्या गाडीनें १९४१ सालीं रोझामंडच्या तळ्यावर ताशीं १२१ मैलांचा वेग गांठला. तशीच नळी आम्हांलाहि पाहिजे असें म्हणणारे भेटूं लागले, आणि दुरुस्तीच्या दुकानाचा कारखाना झाला. आर्मेनियन वंशाचा एड इस्केंडेरियन हा हत्यारें करण्याचें काम शिकलेला तरुण. युद्धानंतर कॅमशाफ्ट मिळेना, म्हणून त्यानें दंडगोल घासण्याचें एक वापरलेलें यंत्र घेतलें आणि त्यांत फेरबदल करून कॅमशाफ्ट घासावयास प्रारंभ केला. आपली अडचण भागविण्यासाठीं केलेली वस्तु शेजाऱ्याची अडचण भागवूं लागली कीं धंदा जन्मास येतो. या दोघांचेहि धंदे असेच जन्मास आले.

येथवर सांगितलें तें पळण्याचें. आतां थांबण्याचें. 'मॉडेल टी' गाडीचा पायानें दाबावयाचा ब्रेक चाकांवर नसून आंतील दांतेचक्रांच्या पेटींत असे, आणि हातानें ओढावयाचा ब्रेक केवळ मागच्या चाकांना लागे. चाळीस मैलांच्या वेगाला तेवढें कसेंबसें पुरे. पुढच्या 'मॉडेल ए' गाडींत ब्रेक चारी चाकांना आले. पण ते लोखंडी दांड्यांनीं ओढले जात, आणि एका बाजूस कमी व दुसऱ्या बाजूस अधिक लागण्याचा त्यांचा स्वभाव असे. आतां गतिशास्त्राचा नियम असा कीं, वेग दुप्पट झाला म्हणजे गाडींत सांठलेली ऊर्जा दुप्पट होत नाहीं, चौपट होते. म्हणजे चाळीसाच्या जागीं ऐंशीं मैलांनीं धांवणारी गाडी त्याच ब्रेकनें थांबवावयास जागा चौपट लागणार. ज्या मुलानें इंजिनाची शक्ति तिपटीनें वाढविली आणि ब्रेक मात्र बापाच्या वेळचे ठेवले, त्यानें आपल्या मृत्यूची तयारी आपल्या परसदारींच केली, असें म्हणण्यांत अतिशयोक्ति नाहीं.

हें ज्यांना कळलें त्यांनीं भंगारवाल्याकडे जाऊन आणखी एक वस्तु मागितली. १९३९ सालापासून फोर्ड गाड्यांना तेलाच्या दाबानें लागणारे ब्रेक आले. त्यांत चारी चाकांवर दाब सारखा पडतो. आदळलेल्या नव्या गाडीचे हे ब्रेक काढून जुन्या सांगाड्याला बसविणें, हें पुढें हॉट रॉड घडविण्याच्या कामाचें एक ठराविक अंगच झालें. इंजिनाच्या नळ्या चकचकीत करून चारचौघांत मिरवितां येतें. ब्रेक कोणाच्या दृष्टीस पडत नाहींत. पण गाडी करणारा कोणत्या योग्यतेचा आहे हें त्या न दिसणाऱ्या भागावरूनच ओळखावें.

मात्र सर्वांनाच तें कळलें नव्हतें. कोरड्या तळ्यांवर आरंभींच्या काळांत अनेक गाड्या एका ओळींत एकदम सोडीत. सर्वांत पुढची गाडी मातीचा जो लोट उडवी त्यांत मागच्यांना समोरचें कांहीं दिसत नसे. अपघात होत, माणसें दगावत. शहरांतील प्रकार त्याहून वाईट. रात्रीं एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत शर्यती लागत, आणि त्यांत ज्याचा शर्यतीशीं कांहींहि संबंध नाहीं असा पादचारीहि सांपडे. साहजिकच पालक, पोलीस आणि वर्तमानपत्रें यांचा रोष वाढूं लागला. उघडी, मडगार्ड नसलेली, मोठा आवाज करणारी गाडी दिसली कीं तींत गुंडच बसला असावा, अशी समजूत पसरली.

या स्थितींतून वाट काढण्याचा पहिला संघटित प्रयत्न मुलांनीं स्वतःच केला. १९३७ सालीं त्या भागांतील कांहीं क्लब एकत्र आले आणि त्यांनीं दक्षिण कॅलिफोर्निया वेगमापन संघ स्थापन केला. पुढील वर्षापासून या संघाच्या वतीनें तळ्यांवर नियमबद्ध चांचण्या होऊं लागल्या. गाड्यांचे वर्ग पाडले गेले, वेळ मोजण्याचीं साधनें आलीं, आणि धांवण्यापूर्वीं गाडीची तपासणी करण्याची चाल पडली. काळांतरानें गाड्या एकदम सोडण्याची पद्धति जाऊन एकेक गाडी घड्याळाविरुद्ध धांवूं लागली. म्हणजे शेजाऱ्याला मागें टाकण्याच्या ईर्ष्येची जागा आपलाच मागील आंकडा सुधारण्याच्या प्रयत्नानें घेतली. हा बदल दिसावयास लहान आहे. पण त्यानें किती जीव वांचले असतील!

इतक्यांत दुसरें महायुद्ध आलें. १९४१ सालच्या डिसेंबरांत अमेरिका युद्धांत उतरली. पेट्रोल आणि टायर यांवर नियंत्रण बसलें. तळीं ओस पडलीं. मुलें विमानदळांत, आरमारांत, सैन्यांत गेलीं, आणि परसांत हात काळे करून मिळविलेलें ज्ञान तेथें कामास आलें. त्या काळांत व्हेडा ऑर नांवाच्या स्त्रीनें एक मोलाचें काम केलें. ती स्वतः तळ्यांवर गाडी चालविणारी आणि संघाची सभासद. दूरदेशीं लढणाऱ्या सभासदांना परस्परांची वार्ता कळावी म्हणून संघाचें वार्तापत्रक तिनें चालू ठेवलें आणि तें ती त्यांना टपालानें धाडीत राहिली. एक संघ मोडतां मोडतां वांचला, त्याचें पुष्कळसें श्रेय या पत्रकाला आहे.

युद्ध संपल्यावर तरुण परत आले ते अधिक शिकून आले. विमानाच्या पोटाखालीं जादा पेट्रोलची, माशाच्या आकाराची टाकी बांधीत असत. युद्धानंतर अशा टाक्या स्वस्तांत मिळूं लागल्या. बिल बर्क यानें १९४६ सालीं अशा टाकीलाच चाकें आणि इंजिन बसवून वाऱ्याला सहज कापणारी गाडी बनविली. संहाराच्या सामानांतून खेळ निर्माण झाला. १९४८ सालीं स्टुअर्ट हिलबॉर्न यानें स्वतः योजलेल्या, कार्बुरेटराऐवजीं इंधन थेट फवारणाऱ्या यंत्राच्या साहाय्यानें तळ्यावर ताशीं १५० मैलांची मर्यादा प्रथमच ओलांडली. याच्या आदल्या वर्षीं, १४ ऑक्टोबर १९४७ रोजीं, म्युरॉकच्याच आकाशांत चार्ल्स यीगर यानें ध्वनीहून अधिक वेगानें विमान नेलें होतें. कारण तें जुनें तळें आतां सैन्याच्या विमानतळाकडे गेलें होतें. मुलांचें अंगण सरकारनें घेतलें. मुलें एल मिराजच्या तळ्याकडे वळलीं.

परंतु युद्धोत्तर काळांत शहरांतील संकट दुणावलें. गाड्या वाढल्या, वेग वाढले, अपघातहि वाढले. आणि अशा गाड्यांवर बंदी घालावी अशी मागणी होऊं लागली. त्याला उत्तर म्हणून १९४८ सालच्या जानेवारींत संघानें लॉस एंजेलिस येथील आर्मरीच्या इमारतींत हॉट रॉड गाड्यांचें प्रदर्शन भरविलें. ज्यांना लोक गुंडांचीं वाहनें समजत होते, तीं किती सफाईनें आणि अभ्यासानें केलेलीं आहेत हें लोकांना जवळून पाहतां आलें. त्याच प्रसंगीं इमारतीच्या पायऱ्यांवर रॉबर्ट पीटरसन आणि रॉबर्ट लिंडसे हे दोघे तरुण 'हॉट रॉड' नांवाच्या नव्या मासिकाचा पहिला अंक २५ सेंटांना विकीत उभे होते. जी विद्या तोंवर तोंडींच चालत होती ती आतां अक्षरबद्ध झाली. दूरच्या राज्यांतील खेड्यांतला मुलगाहि ती वाचूं लागला.

या मासिकाचा संपादक वॉली पार्क्स हा पूर्वीं संघाच्या कारभारांत मुरलेला. त्याच्या ध्यानांत एक गोष्ट आली होती, ती अशी कीं, रस्त्यावर धांवूं नका असें नुसतें सांगून मुलें ऐकणार नाहींत. त्यांना धांवण्यास दुसरी जागा दिली पाहिजे. वाळवंट दूर होतें आणि सर्वांना तेथें जाणें शक्य नव्हतें. १९४९ सालीं यूटा संस्थानांतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर वेगाचा सप्ताह सुरू झाला. तो तर आणखी दूर. मग शहराजवळील विमानतळांच्या धांवपट्ट्या उपयोगांत आल्या. १९५० सालीं सांता ॲना येथें सी. जे. हार्ट यानें आपल्या साथीदारांसह विमानतळाच्या पट्टीवर पाव मैलाच्या सरळ शर्यती नियमानें सुरू केल्या. उभ्या स्थितींतून निघावयाचें, पाव मैलांत काय तो निकाल, आणि पुढें थांबण्यास भरपूर मोकळी जागा. गाडी तपासून मगच पट्टीवर सोडीत.

१९५१ सालीं पार्क्सनें राष्ट्रीय हॉट रॉड संघ स्थापन केला. त्याची पहिली अधिकृत शर्यत १९५३ सालीं पोमोना येथें झाली, आणि ती पोलिसांच्या सहकार्यानें झाली हें विशेष. पुढल्या वर्षीं संघाचें चार जणांचें पथक एका मोटारींतून सामानाची गाडी ओढीत देशभर निघालें. गांवोगांव मुलांना सुरक्षित शर्यत कशी भरवावी, गाडी कशी तपासावी, हें तें शिकवी. त्या पथकाचा प्रमुख बड कून्स हा पोमोनाच्या पोलिसदलांतील माणूस होता. ज्या पोलिसाला पाहून मुलें पूर्वीं पळत, तोच आतां हातांत निशाण घेऊन त्यांच्या गाड्या सोडूं लागला. दंड आणि बंदी यांनीं जें साधलें नाहीं, तें एका मोकळ्या पट्टीनें आणि चार नियमांनीं पुष्कळ अंशीं साधलें. रस्त्यांवरील शर्यती कायमच्या मिटल्या असें नाहीं. आजहि जगांतील मोठ्या शहरांतून त्या होतात आणि जीव घेतात. पण ज्याला वेगाची खरी हौस आहे त्याला सन्मानाची जागा मिळाली, हें कांहीं थोडें नव्हे.

यानंतरचा इतिहास भरभराटीचा आहे, आणि त्यांत थोडी हानीहि आहे. फोर्डच्या जुन्या पद्धतीच्या व्ही-८ इंजिनाचें अमेरिकेंतील उत्पादन १९५३ सालीं थांबलें. १९५५ सालीं शेव्हरोले कंपनीनें १६२ अश्वशक्तीचें हलकें, नव्या धर्तीचें व्ही-८ इंजिन काढलें; जुन्या इंजिनांतून वर्षानुवर्षें घासून-पुसून जी शक्ति मोठ्या मिनतवारीनें काढावी लागे, ती आतां कारखान्यांतून तयार येऊं लागली. भंगार दुर्मिळ झालें, तशा काचतंतूंच्या आणि पुढें पोलादाच्याहि जुन्या घाटाच्या नव्या प्रती निघाल्या. आज ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला १९३२ सालच्या गाडीचा देह, सांगाडा, इंजिन, ब्रेक, सारें कोरें करकरीत विकत मिळतें. गरिबाच्या मुलानें श्रीमंताच्या गाडीला मागें टाकण्यासाठीं जें रूप शोधलें, तें आतां श्रीमंताच्या दिवाणखान्याची शोभा झालें आहे. तरीहि एल मिराजच्या तळ्यावर आणि बॉनव्हिलच्या मिठावर तोच जुना संघ आजहि गाड्यांचा वेग मोजतो, आणि परसांत स्वतः गाडी जुळवून तेथें नेणारीं माणसें अद्यापि आहेत.

वस्तु विकत घेतली म्हणजे ती कायद्यानें आपली होते. ती खोलून, बिघडवून, पुन्हां जुळवून जेव्हां तिचें प्रत्येक अंग हातांना ओळखीचें होतें, तेव्हां ती खऱ्या अर्थानें आपली होते. कॅलिफोर्नियाच्या त्या मुलांनीं मोटार अशा रीतीनें आपली करून घेतली. परंतु त्यांच्या हातीं गाडी राहिली ती केवळ ती पळवितां आली म्हणून नव्हे. ज्या संध्याकाळीं एखाद्या मुलानें नवा कार्बुरेटर घेण्याचा बेत तहकूब करून ते पैसे आदळलेल्या गाडीच्या ब्रेकसाठीं भंगारवाल्याच्या हातावर ठेवले, त्या संध्याकाळीं त्याचें शिक्षण पुरें झालें.